फोटो बूथवर पाहुणे खरंच रमले का, हे मोजायचं कसं? नवीन बूथवाल्यांसाठी, सोलापुरातून

लग्न आटोपतं, वऱ्हाड निघायच्या गडबडीत असतं, आपण फोटो बूथचा बॅकड्रॉप (मागचा पडदा) गुंडाळत असतो आणि नवरीचे वडील येऊन विचारतात, "काय ओ ताई, चांगला रिस्पॉन्स होता ना?" आणि आपण म्हणतो, "लई मस्त काका, पाचशे फोटो निघाले!" काका खूश, आपणही खूश. पण ते पाचशे फोटो नेमके कुणाकुणाचे होते हे त्या घडीला आपल्यालाही माहीत नसतं.

मी पण सुरुवातीला हेच सांगायचे. मग एकदा विजापूर रोडवरच्या एका कार्यालयातलं लग्न करून रात्री घरी आले आणि सगळे फोटो सावकाश बघत बसले, तर दिसलं की जवळजवळ निम्मे फोटो त्याच सात-आठ पोरांचे आणि करवल्यांचे आहेत, गॉगल बदलून, टोपी बदलून, पुन्हा पुन्हा. आणि नवरीची आज्जी, जिच्यासाठी घरच्यांनी बूथच्या जवळच मुद्दाम खुर्ची ठेवायला सांगितली होती, ती एकाही फोटोत नाही. तीन तास ती तिथंच बसून होती, दहा पावलांवर. आमच्यापैकी कुणी तिला "चला की आज्जी" म्हटलंच नाही. आकडा पाचशेचा होता आणि ज्या माणसासाठी तो बूथ लावला तेच राहून गेलं, हे मला फार लागलं, आणि त्या दिवसापासून मी फोटो मोजायचं सोडून माणसं मोजायला लागले. ते कसं करते ते इथं सगळं लिहिते, नुकताच बूथ घेतला असेल तर पहिल्या ऑर्डरपासूनच करता येईल असंच आहे, वेगळा खर्च काही नाही, एक वही आणि पेन लागतो.

पायरी १ : फोटो, सेशन, प्रिंट, माणूस हे चार वेगळे आकडे आहेत

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो म्हणून आधी हे डोक्यात पक्कं करा. कुणीतरी स्क्रीनवर बोट लावून सुरू करतं, काउंटडाऊन होतो, तीन-चार फोटो निघतात, प्रिंट येतो, ही झाली एक सेशन. त्या एका सेशनमध्ये फोटो चार, प्रिंट दोन आणि माणसं सहा असू शकतात. म्हणजे एकाच गोष्टीचे चार आकडे, आणि आपण कुठला सांगतो त्यावर "रिस्पॉन्स" छोटा किंवा मोठा दिसतो. सॉफ्टवेअर कुठलंही असू दे, डीएसएलआरबूथ असेल, डार्करूम बूथ असेल, आयपॅडवरचं एखादं ॲप असेल, त्यातला रिपोर्ट उघडला की आधी बघा तो काय मोजतोय. सेशन आणि फोटो एकच समजून क्लायंटला सांगितलं तर चौपट आकडा जातो, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या बूथवाल्याने खरा आकडा सांगितला की तो बिचारा कमी पडल्यासारखा दिसतो.

प्रिंटचं अजून एक. २×६ ची पट्टी देत असाल तर ४×६ च्या एका कागदातून मधे कापून दोन पट्ट्या निघतात. तुमचा प्रिंटर कागद मोजतो की पट्ट्या मोजतो हे घरी एकदा दोन प्रिंट काढून तपासून ठेवा, नाहीतर हिशोब थेट दुप्पट किंवा निम्मा होतो.

पायरी २ : पाहुणे किती आले ते केटररला विचारा

किती टक्के पाहुणे बूथवर आले हे काढायचं तर आधी पाहुणे किती ते पाहिजे ना. पत्रिका किती छापल्या ते विचारून उपयोग नाही, आपल्याकडे एका पत्रिकेवर एक माणूस पण येतो आणि अक्कलकोटहून अख्खी जीप भरून पण येतात. हॉलच्या खुर्च्या मोजूनही जमत नाही कारण अर्धे लोक अक्षता पडल्या की थेट जेवणाकडे. खात्रीचा आकडा ताटांचा. केटररचं बिल त्यावर असतं, त्यामुळे तो आकडा दोन्ही बाजूंनी नीट मोजलेला असतो. बुफे असला तरी प्लेटा मोजलेल्या असतात. शेवटी निघताना केटररच्या माणसाला "किती ताटं झाली ओ मामा?" एवढंच विचारायचं, सहसा लगेच सांगतात.

थोडे लोक न जेवता आहेर देऊन जातात, थोडे वाढपी-वाजंत्रीवाले पण जेवतात, तेवढं मागंपुढं चालायचंच. मात्र दर कार्यक्रमाला ताटंच धरा, एकदा ताटं आणि एकदा पत्रिका असं करू नका, नाहीतर दोन लग्नांची तुलनाच होणार नाही. बारसं, डोहाळजेवण असलं घरगुती असेल तर सरळ डोकी मोजा, शंभरच्या आत असतात.

पायरी ३ : आदल्या रात्री घड्याळ आणि काउंटर

कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवा. ऐकायला फालतू वाटतं पण प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तारीख आणि वेळ कॅमेरा स्वतः लिहून ठेवतो, आणि कुठल्या तासाला गर्दी होती हे आपल्याला त्यावरूनच फुकटात कळणार असतं. माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी एकदा बरेच दिवस काढून ठेवली होती, घड्याळ परत मूळ तारखेवर गेलेलं, मी बघितलं नाही, आणि एका साखरपुड्याचे सगळे फोटो भलत्याच वर्षातले पहाटेचे दिसत होते. फोटोंना काही झालं नाही पण वेळेचा हिशोब गेला. आयपॅड-टॅबलेटवाल्यांना हा त्रास कमी, घड्याळ नेटवरून आपोआप जुळतं.

दुसरं, प्रिंटरचा काउंटर सुरू करायच्या आधी आणि बंद करताना लिहून ठेवा. आपण जे डाय-सब प्रिंटर (रिबनवरचा रंग तापवून कागदावर उतरवणारे) वापरतो त्यांचा उरलेला आकडा विश्वास ठेवण्यासारखा असतो, कारण रिबनवर पिवळा, मॅजेंटा, सायन आणि वरचा पारदर्शक थर असे पट्टे एकामागून एक असतात आणि प्रत्येक प्रिंटला पूर्ण संच खर्च होतो, फोटोत रंग कमी असो नाहीतर जास्त. इंकजेटसारखं "अंदाजे इतकी शाई उरली" असं नसतं. डीएनपी कंपनीच्या आरएक्स१ प्रिंटरला ४×६ चा रोल ७०० प्रिंटचा येतो, म्हणजे सकाळी ६९४ आणि संध्याकाळी ४४३ दिसले तर २५१ गेले. त्यातून टेस्ट प्रिंट वजा करायचे, आणि कागद अडकून फुकट गेलेले पण.

पायरी ४ : वही

हीच खरी गोष्ट आहे, बाकी सगळं हिच्याभोवती. सॉफ्टवेअरला सेशन कळते पण हा माणूस सकाळपासून चौथ्यांदा आलाय हे कळत नाही. चेहरे ओळखणारी सॉफ्टवेअर असतात हे मला माहीत आहे, मी वापरत नाही, लग्नात आलेल्या बायका-पोरांचे चेहरे मशीनकडून मोजून घ्यायचे म्हणजे त्यांना आधी सांगायला पाहिजे आणि मांडवात कोण कुणाला थांबवून सांगणार. बूथवर उभा असलेला आपला माणूस हे काम डोळ्यांनी बरोबर करतो.

शंभर पानी साधी वही घ्या, आडव्या ओळीत अर्ध्या अर्ध्या तासाचे खण पाडा आणि उभे चार रकाने करा.

नवीन : या सेशनमध्ये पहिल्यांदा आलेली डोकी किती. पाच जण आले, त्यातले दोघं आधी येऊन गेलेले, तर तीन काड्या.
परत : आधी येऊन गेलेली डोकी.
गेले : रांगेत उभे राहून कंटाळून निघून गेलेले.
पडून : प्रिंट काढला आणि तिथंच टेबलावर ठेवून गेले.

काड्या मारायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी, आपण भिशीच्या किंवा क्रिकेटच्या हिशोबाला मारतो तशा. सुरुवातीला पोरगं म्हणेल "ताई, गर्दीत कसं लिहू", तर त्याला सांगायचं की काउंटडाऊन चालू असतो ते पंधरा-वीस सेकंद तुला काही काम नसतं, तेवढ्यात दोन काड्या होतात. कोण नवीन कोण जुनं हे ओळखायला पहिल्या अर्ध्या तासात अवघड जातं मग सरावतं, आणि खरं सांगायचं तर परत येणारे स्वतःच ओरडत येतात, "भैय्या, अजून एक!" साड्या-फेटे पण लक्षात राहतात. मोठं लग्न असेल तर पहिल्या वेळी येणाऱ्याच्या हातावर छोटा रबरी शिक्का मारायचा, लहान पोरांना ते आवडतंच, मोठ्यांना विचारून. नवऱ्याकडच्या मानपानवाल्या मंडळींच्या हातावर शिक्का मारायला जाऊ नका मात्र, तिथं डोळ्यांनीच मोजा.

"पडून" हा रकाना मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. माणूस प्रिंट घेऊन पर्समध्ये ठेवतो, शेजारणीला दाखवतो, जेवताना पण टेबलावर काढून बघतो, ही खरी आवड. ठेवून गेला म्हणजे एकतर मशीनची गंमत बघायला आला होता किंवा फोटोत स्वतः चांगला दिसला नाही, बहुतेक वेळा लाइटमुळे. एकदा एकाच तासात ओळीने सगळे पडलेले प्रिंट बघितले तर सगळ्यांचे चेहरे काळपट, कारण दुपारचं ऊन खिडकीतून थेट बॅकड्रॉपवर यायला लागलेलं. बॅकड्रॉप फिरवला आणि पडून राहणं थांबलं. वहीत रकाना नसता तर मी ते प्रिंट गोळा करून नुसते पिशवीत टाकले असते.

पायरी ५ : रांग

घड्याळ लावून दर अर्ध्या तासाला एकदा बघायचं, रांगेतल्या शेवटच्या माणसाला बूथपर्यंत यायला किती मिनिटं लागली. एकच माणूस धरा, पुरे. ती मिनिटं वहीत त्या खणात लिहा.

हे का, तर तुमच्या बूथची पण एक मर्यादा असते. तीन फोटो, मधे काउंटडाऊन, पसंत करणं, प्रिंट, आणि मग जुनी मंडळी बाजूला होऊन नवीन मंडळी टोप्या-चष्मे निवडून उभी राहणं, हे सगळं मिळून साधारण दीड मिनिट धरलं तर तासाला चाळीस सेशन, त्याच्यावर नाहीच. मग रांगेत शंभर माणसं असली तरी चाळीसच होणार. स्वतःच्या बूथचं दीड मिनिट आहे की दोन हे घरच्याच लोकांना उभं करून मोजून घ्या, प्रॉप (टोप्या, चष्मे वगैरे) निवडायचा वेळ धरून, तो लोक धरत नाहीत.

पायरी ६ : क्यूआर आणि लिंक

आता बरेच जण प्रिंटपेक्षा "मोबाइलवर येतंय का?" हेच विचारतात. इथं मोजायचा आकडा एकच : किती सेशनमधून किमान एकदा तरी फोटो डाउनलोड झाला. एका सेशनचा फोटो सहा जणांनी घेतला तरी ती एकच सेशन. एकूण डाउनलोड वेगळे लिहा, ते घरातल्या माणसांच्या संख्येवर जातात.

माझी एक पद्धत सांगते. लिंक दोन करा. एक बूथवरच्या क्यूआरची, आणि दुसरी जी तुम्ही दुसऱ्या दिवशी घरच्यांना फॅमिली ग्रुपवर टाकायला देता ती. दोन्ही एकाच गॅलरीला जाऊ देत पण मोजणी वेगळी येऊ दे. मग कळतं की मांडवात उत्साहाने किती जणांनी घेतलं आणि घरी जाऊन निवांत किती जणांनी बघितलं. दुसरा आकडा मला जास्त मोलाचा वाटतो, गर्दीत हातात मोबाइल होताच म्हणून स्कॅन करणं वेगळं आणि दोन दिवसांनी आठवण काढून बघणं वेगळं. गॅलरी किती वेळा उघडली आणि किती वेगळ्या फोनवरून उघडली यातला दुसरा आकडा धरा, कारण नवरी एकटीच ती वीस वेळा उघडते, आणि उघडणारच.

व्हॉट्सॲपवर फोटो पुढं पुढं किती गेला ते आपल्याला दिसत नाही, कुणालाच दिसत नाही. कुणी तसा आकडा देत असेल तर तो मनाचा आहे. त्याऐवजी आठ दिवसांनी घरी फोन करायचा आणि साधं विचारायचं, "कुठला फोटो कुणी डीपीला ठेवलाय का, फ्रिजवर लावलाय का?" त्यात आकडा मिळत नाही पण कुठला बॅकड्रॉप, कुठली फ्रेम लोकांना जवळची वाटली ते लख्ख कळतं.

आणि कार्यालयात पाचशे माणसं एका वेळी मोबाइल वापरायला लागली की नेट मरतं, फोटो अपलोड व्हायला रांगेत थांबतात, म्हणून डाउनलोडची वेळ आणि फोटोची वेळ यांची गल्लत करू नका. गर्दी कधी होती हे फोटोच्या वेळेवरूनच काढायचं.

पायरी ७ : रात्रीचा हिशोब, एक उदाहरण घेऊन

समजा, ताटं झाली ६००. बूथ साडेदहा ते अडीच, चार तास. सेशन ११०.

फोटोत माणसं किती? सगळे फोटो मोजायची गरज नाही, दर दहावी सेशन उघडा आणि त्यातली डोकी मोजा. अकरा सेशन बघितल्या, ४४ डोकी, म्हणजे सेशनला सरासरी चार. ११० गुणिले ४, झाले ४४० चेहरे. इथंच थांबलो तर "सहाशेपैकी चारशे चाळीस जण बूथवर आले" असं वाटतं, आणि ते चूक आहे. वहीतला "नवीन" रकाना सांगतो २००. म्हणजे वेगळी माणसं दोनशे, सहाशेतली तिघांत एक. आणि ४४० भागिले २००, प्रत्येक जण सरासरी २.२ वेळा आला.

हे दोन आकडे सोबत वाचायचे. वेगळी माणसं कमी आणि परत येणं जास्त असेल तर बूथ एका टोळीने अडवून ठेवलाय, बाकीच्यांना संकोच वाटतोय. वेगळी माणसं भरपूर पण परत कुणीच नाही, तर एकदा बघून झालं, मजा आली नाही, किंवा रांगच इतकी होती की परत यायची हिंमत झाली नाही. यातलं कुठलं ते "गेले" रकाना सांगतो.

आता वेळ. फाइलींच्या वेळेवरून तासाप्रमाणे पाडलं तर समजा असं दिसतंय : पहिल्या तासात १२, दुसऱ्यात २७, तिसऱ्यात ३८, शेवटच्यात ३३. अक्षता अकरा पन्नासला होत्या म्हणून दुसऱ्या तासात मधेच पंधरा मिनिटं शून्य, ते बरोबरच आहे, मंगलाष्टकं चालू असताना बूथ बंदच ठेवा, त्या शून्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण तिसरा तास बघा, ३८ म्हणजे चाळीसच्या मर्यादेला टेकलोच. त्या तासात जितके लोक आले तितके मशीनला झेपले नाहीत. सगळ्या दिवसाचं बघितलं तर १६० पैकी ११०, म्हणजे ६९ टक्के, आणि कुणी म्हणेल अजून जागा होती. जागा होती ती सकाळी, जेव्हा निम्मं वऱ्हाड अजून तुळजापूरच्या रस्त्यावर होतं.

मग उपाय पण वेगळा निघतो. अजून प्रॉप आणून, अजून मोठा बॅनर लावून काही होणार नाही. गर्दीच्या तासापुरते तीनऐवजी दोन फोटो घ्यायचे, काउंटडाऊन कमी करायचा, प्रॉपचं टेबल रांगेतच आधी लावायचं म्हणजे लोक उभ्या उभ्या निवडून तयार राहतात. आणि पुढच्या क्लायंटला सांगायचं की बूथ साडेअकरापासून घ्या, जेवणं संपेपर्यंत ठेवा, तेवढ्याच पैशात जास्त माणसं होतील.

प्रिंट २५१, त्यातले ६ टेस्टचे, राहिले २४५, सेशनला दोनच्या थोडे वर. हा आकडा मी कागदाच्या खर्चासाठी लिहिते, आवड मोजायला नाही, कारण चार माणसांच्या घरात चौघांनाही प्रिंट पाहिजे असतो, तो वाढतो तो घर मोठं म्हणून.

फोटो बूथचा पहिला मोठा आकडा ऐकला असेल कदाचित. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर अनातोल जोसेफो याने आपला फोटोमॅटन लावला, २५ सेंटला आठ फोटो, आणि पहिल्या सहा महिन्यांत २,८०,००० लोक आले असं सांगतात. तिथं प्रत्येक जण खिशातले पैसे टाकत होता, म्हणून नुसती मोजणी पुरत होती, नाणं पडलं म्हणजे इच्छा होतीच. आपल्या मांडवात पैसे नवरीच्या बापाने दिलेले असतात आणि पाहुण्याला सगळं फुकट असतं, म्हणून आपल्याला कोण नवीन, कोण परत, कुणी प्रिंट टाकून दिला हे सगळं बघावं लागतं.

पायरी ८ : कोण आलं नाही

वहीच्या शेवटच्या पानावर मी हे लिहिते आणि तुम्हीही लिहाच. दर तासाला एकदा बूथवरून मान वर करून हॉल बघायचा आणि लिहायचं, कोण लांब उभं आहे. म्हातारी माणसं, ओटीत लेकरू घेतलेल्या बायका, गावाकडचे मामा-काका, कामाला आलेली माणसं.

आपल्या सोलापुरात भाषेचं फार असतं. एकाच मांडवात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, चारही चालू असतात. शहराच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या वस्तीतल्या एका लग्नात मी मराठी बोर्ड लावून बसले होते तर पोरं येत होती पण मोठ्या बायका बाजूने बघून जात होत्या, मग आमच्यातल्या एका तेलुगू बोलणाऱ्या पोरीने जाऊन त्यांच्या भाषेत हाक मारली आणि पुढच्या अर्ध्या तासात "नवीन" रकान्यात काड्यांवर काड्या. इंडी-विजयपूरकडचं कन्नड वऱ्हाड असेल तर नुसतं "बर्री अक्का, बर्री" (या ताई, या) म्हटलं तरी चेहरे बदलतात. तेव्हापासून स्क्रीनवरची पहिली सूचना आणि बाहेरचा बोर्ड यजमानांना विचारून त्यांच्या भाषेत ठेवते. आणि हे पण मोजता येतं, बोर्ड बदलायच्या आधीचे खण आणि नंतरचे खण, दोन्ही "नवीन" शेजारी ठेवून बघायचे, गर्दीचा तास सारखा धरून.

आज्जी-आजोबांसाठी मी एक वेगळी खूण करते, तीन पिढ्या एका फोटोत आल्या की त्या सेशनला गोल. दिवसभरात असे किती गोल झाले हा माझा सगळ्यात आवडता आकडा आहे, आणि घरच्यांना पण तोच सांगितला की डोळे भरून येतात, पाचशे फोटोंनी कधी आले नाहीत.

लग्न सोडून बाकीचं

जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत होम मैदानाकडे किंवा नवी पेठेत एखाद्या दुकानाच्या उद्घाटनाला बूथ लावलात तर ताटं नसतात, समोरून माणसांचा पूर वाहत असतो. तिथं दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं नुसतं उभं राहून समोरून गेलेली माणसं मोजायची, थांबून बघणारी वेगळी, आत येणारी वेगळी. पाच मिनिटांचे सहापट केले की अर्ध्या तासाचा अंदाज. गेले, थांबले, आले, या तीन आकड्यांत गळती कुठं होते ते दिसतं. गेले-थांबले यात गळती असेल तर बूथ लांबून दिसत नाही. थांबले-आले यात असेल तर लोकांना फुकट आहे की पैसे पडतात हेच कळत नाहीये, बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहा.

उन्हाळ्यातली आणि हिवाळ्यातली मोजणी एकत्र करू नका. मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या पुढं, लॉनवर सूर्य कलल्याशिवाय कुणी फिरकत नाही आणि टॅबलेट पण तापून बंद पडतो, तो दोष ना पाहुण्यांचा ना बॅकड्रॉपचा.

कंपनीचा, दुकानाचा कार्यक्रम असेल तर ते नंबर मागतात, "फोटो पाठवायला घेतलेले मोबाइल नंबर आम्हाला द्या." इथं ठाम राहा. फोटो पाठवायला दिलेला नंबर फक्त फोटो पाठवायलाच. जाहिरातीसाठी पाहिजे तर स्क्रीनवर वेगळा प्रश्न, वेगळा होकार, आणि आधीच टिक केलेला चौकोन नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती कशासाठी घेताय ते स्पष्ट सांगायला लागतं, ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायची सोय ठेवायला लागते, त्यात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही येतात, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची संमती लागते. शाळेच्या गॅदरिंगला बूथ लावत असाल तर मुलांकडून नंबर घेऊच नका, प्रिंट द्या आणि गॅलरी शाळेच्या हवाली करा. मोजणीला नंबर लागतच नाही, काड्या पुरतात.

यजमानांना काय द्यायचं

एक पान, मोबाइलवर वाचता येईल असं. वर चार ओळी : ताटं इतकी, वेगळी माणसं इतकी, तीन पिढ्यांचे फोटो इतके, फॅमिली ग्रुपवरून गॅलरी इतक्या फोनवर उघडली. खाली तासाप्रमाणे चार आकडे. त्याखाली दोन-तीन फोटो, त्यांना विचारून. टक्केवारी लिहायची तर ती कशावर काढली ते शेजारीच लिहा, "६०० ताटांपैकी" असं. जे कमी पडलं ते पण लिहा, "साडेबाराच्या तासात रांग मोठी झाली, काही मंडळी परत गेली". मी लिहिते, आणि आतापर्यंत त्यावरून कुणी पैसे कापले नाहीत, उलट पुढच्या मुंजीला तीच माणसं फोन करून म्हणाली, यावेळी दोन बूथ लावूया का.

स्वतःसाठी मात्र वहीच्या त्याच पानावर एक ओळ लिहून ठेवा, पुढच्या ऑर्डरला कुठली एकच गोष्ट बदलणार. एकच. बॅकड्रॉप पण बदलला, काउंटडाऊन पण, बोर्ड पण, तर आकडा वाढला तरी कशामुळे ते कळणार नाही. माझ्या कालच्या पानावर लिहिलंय, "खुर्ची बूथच्या आत, बाहेर नको." उद्या अक्कलकोट रोडला हळद आहे, दोन खुर्च्या गाडीत टाकून ठेवल्यात.